खरखर बंद, कान उघडे

मित्रहो, आता मी बोलतो आहे आणि आपण ऐकता आहात. आपण घरातून "अहो, जरा सावकाश" म्हणालात, तरी ते माझ्यापर्यंत पोचणार नाही. घरातला रेडिओ फक्त ऐकवतो. त्याचा एक भाऊबंद मात्र बोलूही देतो. पोलिसांच्या गाडीत, जहाजावर, मच्छीमारांच्या बोटीवर तो असतो. लोक त्याला वायरलेस म्हणतात.

काही वर्षांपूर्वी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एका तांडेलाच्या बोटीवर मी तो जवळून पाहिला. लहानसा पडदा, फिरवायची दोन बटणं, दाबायची चार-सहा आणि वेटोळ्या वायरीला लटकलेला माइक. मी म्हणालो, "सेट अगदी शांत आहे, म्हणजे चांगला दिसतो." तांडेल हसला. "भाऊ, शांत आहे म्हणून चांगला असं धरू नका. त्यात एकदा फसलोय."

त्याची गोष्ट सांगतोच. पण आधी ही बटणं काय करतात ते पाहू. खरं तर बहुतेक बटणं स्वतः काहीच करत नाहीत. आत एक छोटी चिप असते, मायक्रोकंट्रोलर. बटणं तिला फक्त वर्दी देतात आणि पुढचे हुकूम ती सोडते.

माइकवरचं बटण घ्या. त्याच्या तारेवर एरवी थोडा विद्युतदाब असतो. बटण दाबलं की तो शून्यावर येतो. एवढ्या खुणेवरून चिप ओळखते, की माणसाला बोलायचं आहे. ती स्पीकर गप्प करते, अँटेना ऐकणाऱ्या भागापासून तोडून बोलणाऱ्या भागाला जोडते आणि ट्रान्समीटर सुरू करते. हे सारं पापणी लवायच्या आत होतं. तरी बटण दाबून क्षणभर थांबावं आणि मग बोलावं, नाहीतर पहिलं अक्षर कापलं जातं. एक मात्र लक्षात ठेवा. बटण दाबलेलं असेतो आपल्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. म्हणून बोलणारा शेवटी "ओव्हर" म्हणतो. आता तुझी पाळी, असा त्याचा अर्थ.

दुसरं बटण चॅनेलचं. जुन्या सेटमध्ये प्रत्येक चॅनेलसाठी क्वार्ट्‌झचा वेगळा स्फटिक असे. आता एकाच स्फटिकावर काम भागतं. बटण फिरवलं की दोन तारांवर टिकटिक उमटते. आधी कोणत्या तारेवर उमटली, यावरून चिपला उजवं-डावं कळतं. मग ती एक आकडा ठरवते. समुद्रावर संकटाच्या हाकेसाठी १६ नंबरचं चॅनेल राखलेलं आहे. त्याची कंपनसंख्या १५६.८ मेगाहर्ट्झ. तिला ६२७२ ने भागलं की बरोबर २५ किलोहर्ट्झ येतात. सेटमधलं सर्किट आपल्या लहरीला असंच भागतं आणि उत्तर स्फटिकावरून मिळालेल्या २५ किलोहर्ट्झशी ताडून पाहतं. चुकलं तर लहर सुधारून घेतं. भाजक ६२५२ केला की १५६.३ मेगाहर्ट्झ, म्हणजे ६ नंबरचं चॅनेल. बाजारातल्या तराजूसारखाच हा हिशेब: वजन तेच, माल बदलतो.

तिसरं बटण स्क्वेल्चचं, आणि तांडेल फसला तो इथेच. हे सेट एफएम पद्धतीचे असतात. समोरून कोणी बोलत नसलं की त्यांत मोठी खरखर होते. कोणाची लहर आली की खरखर दबते. स्क्वेल्चचं सर्किट माणसाच्या आवाजाहून वरच्या पट्टीतली खरखर मोजतं. ती ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असली की स्पीकर बंद, उतरली की स्पीकर सुरू. ती मर्यादा आपण बटणाने ठरवतो.

एका रात्री खरखरीला कंटाळून तांडेलाने बटण पार आवळून टाकलं. सेट शांत झाला, खलाशी झोपले. त्याच रात्री दूरवर ओळखीच्या एका बोटीचं इंजिन बंद पडलं. ती हाक मारत राहिली. पण तिची लहर दुरून येणारी, क्षीण. तिने खरखर थोडीच उतरली, आवळलेल्या मर्यादेखाली गेली नाही. स्पीकर उघडलाच नाही. सकाळी दुसऱ्या एका बोटीने त्यांना ओढून आणलं. माणसं सुखरूप आली. पण धक्क्यावर त्यांनी विचारलं, "रातभर ओरडत होतो. कुठे होतास?" तांडेलाकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून तो बटण आधी खरखर ऐकू येईपर्यंत सोडतो आणि ती जेमतेम थांबेल एवढंच आवळतो. योग्य रीत हीच.

नव्या सेटवर झाकणाखाली एक लाल बटणही असतं. झाकण उघडून ते काही सेकंद दाबून धरलं, की ७० नंबरच्या चॅनेलवरून बोटीचा नऊ आकडी क्रमांक जातो आणि जीपीएस जोडलेलं असेल तर ठिकाणही. चुकून दाबलं जाऊ नये म्हणून ते झाकण. सोय उत्तम आहे. पण त्यानंतरचं बोलणं १६ नंबरवरच होतं, आणि ते ऐकायला कुणाचा तरी स्पीकर उघडा लागतो.

कवी म्हणून मला शांतता प्रिय आहे. पण त्या धक्क्यावर मी एक शिकलो. आपल्याला त्रास होतो म्हणून कान किती आवळायचे, हे कोणतीच चिप ठरवत नाही. ते बटण आपल्याच हातात असतं.