दिवा जुना, उजेड नवा

गेल्या पावसाळ्यांत एका विद्यार्थ्याच्या वहीवरून मीं त्याला भर वर्गांत बोल लाविला. ओळी उजवीकडे घसरत गेलेल्या, अनुस्वार आपल्या अक्षराचें डोकें सोडून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेले, आणि वेलांट्यांचा तर मेळच नाहीं! मुलगा हुशार, तोंडी प्रश्नांस तत्काळ उत्तर देणारा. तेव्हां हा केवळ निष्काळजीपणा, असें मीं ठरवून टाकिलें. पुढें कांहीं दिवसांनीं रिसोड तालुक्यांतील त्याच्या गांवीं जाण्याचा प्रसंग आला व सायंकाळीं त्याच्या घरीं बसणें झालें. खोलीच्या मध्यभागीं, जमिनीपासून सात फुटांवर, आढ्याला एक उघडा बल्ब लोंबत होता. मुलगा त्याच्याकडे पाठ करून, भिंतीसमोर लहानसें डेस्क घेऊन लिहीत बसला होता. कारण तोंड फिरवून बसलें तर तो बल्ब डोळ्यांवर येई. वहीवर त्याच्या स्वतःच्याच डोक्याची सांवली पडलेली होती. त्या सांवलींत तो गृहपाठ करीत असे, आणि माझ्या टेबलावरच्या चांगल्या उजेडांत बसून मीं त्यावर तांबड्या शाईच्या रेघा ओढीत असें. त्या रात्रीं मला चांगली झोंप लागली नाहीं.

त्या घरीं दिवा नव्हता असें नाहीं. वीज होती, बल्ब नवा होता, नऊ वॅटचा होता. उणीव होती ती त्यावरच्या शेडची, आणि तो कोठें टांगावा या विचाराची.

दिव्याचीं कामें दोन. कांहीं दिवे आपण पाहावे म्हणून असतात: समई, दिवाळींतला आकाशकंदील, नाताळांत दारावर टांगलेला कागदी तारा. त्यांच्याकडे पाहून मन प्रसन्न होतें. त्यांच्या प्रकाशांत बसून कोणी भूगोल पाठ करीत नाहीं. दुसरे दिवे त्यांच्या योगें दुसरी वस्तु दिसावी म्हणून असतात. अशा दिव्याचा मोठा गुण हा कीं, तो स्वतः दिसूं नये. आपल्या घरोघरीं घोटाळा होतो तो येथेंच. अभ्यासाचा दिवा आपण आकाशकंदिलासारखा उंच व उघडा टांगतों, मग उजेड कमी पडतो म्हणून अधिक वॅटचा बल्ब आणतों, आणि डोळे अधिकच दिपतात.

कंदिलाच्या काळांतील माणसांना ही गोष्ट न शिकतां ठाऊक होती. माझें बालपण गेलें तेव्हां आमचा वाशीम जिल्हा स्वतंत्र नव्हता. १ जुलै १९९८ रोजीं तो अकोल्यापासून वेगळा झाला. गांवांत वीज आली होती, पण ती पाहुण्यासारखी येई व जाई. म्हणून दिवेलागणीच्या आधीं कंदिलाची कांच राखेनें घासून, जुन्या वर्तमानपत्रानें कोरडी पुसून ठेवण्याचें काम आम्हां मुलांकडे असे. कांच ओली राहिली तर तापल्यावर तडकते. वातीचे दोन्ही कोपरे किंचित् छाटले नाहींत तर ज्योतीला शिंगें फुटतात व कांच काजळते. वऱ्हाडांत ज्यास कित्येक जण मातीचें तेल म्हणत व इतरत्र ज्यास घासलेट किंवा रॉकेल म्हणत, तें जपून वापरावें लागे. कंदिलाचा उजेड पांचसात मेणबत्त्यांएवढाच. म्हणून तो पुस्तकापासून हातभर अंतरावर ठेवावयाचा, व डोळ्यांच्या बाजूला एक जुना पुठ्ठा उभा करावयाचा, म्हणजे ज्योत दिसत नसे आणि पान दिसे. तो पुठ्ठा हीच माझ्या पाहण्यांतली पहिली शेड. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तोच पुठ्ठा पुनः माळ्यावरून खालीं आला होता.

आमचा कंदील ‘प्रभाकर’ होता. स्वदेशीच्या काळांत परदेशी कंदील व कांचसामान यांस तोड म्हणून महाराष्ट्रांत जे कारखाने निघाले, त्यांत १९०८ चा तळेगांव दाभाड्याचा पैसा फंड कांच कारखाना व १९१६ चा कराडजवळील ओगले यांचा कारखाना हे प्रमुख. ओगल्यांच्या कारखान्याभोंवतीं ओगलेवाडी हें गांवच वसलें, आणि त्यांचा प्रभाकर कंदील खेडोपाडीं गेला. आतां तो कारखाना बंद आहे, रेशनवरील रॉकेलही सहसा मिळत नाहीं. पण तसले कंदील अजून पुष्कळ घरांच्या माळ्यांवर पडून आहेत. त्यांची गोष्ट पुढें येईल.

आतां थोडें गणित पाहूं; तें कठीण नाहीं. एक चौरस मीटर जागेवर एक ल्युमेन प्रकाश सारखा पसरला म्हणजे त्या जागीं एक लक्स उजेड पडला असें म्हणतात. वाचन-लेखनास सुमारें ३०० लक्स असावे असें मानितात. नऊ वॅटचा एलईडी बल्ब सुमारें ८०० ल्युमेन प्रकाश देतो. तो सर्व दिशांस सारखा जातो असें धरिलें तर सहा फुटांवरील वहीवर स्थूलमानानें २० लक्सच पडतात. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत विरळ होत जातो, हा नियम नववी-दहावीच्या मुलांस सांगावयास नको. तोच बल्ब वहीपासून दीड फुटावर आणिला, तर अंतर चौथाई होतें व उजेड सोळा पट वाढतो: ३२० लक्स! एका पैचाही अधिक खर्च न होतां विसाचे तीनशें वीस झाले. त्या मुलाच्या घरीं नऊच्या जागीं अठरा वॅटचा बल्ब लाविला असता, तर विसाचे फार तर चाळीस झाले असते.

परंतु एवढ्या जवळ आणिलेला उघडा बल्ब डोळ्यांस सहन होत नाहीं. म्हणून शेड लागते. ती दोन कामें करिते. बल्ब डोळ्याआड करिते, आणि वर व बाजूंस वायां जाणारा प्रकाश परतवून खालीं पाठविते. दुसरें काम तिच्या आंतल्या रंगावर अवलंबून आहे. स्वच्छ पांढरा रंग आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकीं सुमारें चार-पंचमांश परत देतो; गडद रंग बहुतेक गिळून टाकितो. लहानपणीं रेल्वे स्थानकांवर ज्या मुलाम्याच्या पत्र्याच्या छत्र्या मीं पाहिल्या, त्या बाहेरून हिरव्या व आंतून शुभ्र असत. बाहेरची बाजू शोभेसाठीं, आंतली कामासाठीं. हल्लीं दुकानांतून मिळणाऱ्या पुष्कळ शेडींत हा विवेक उलटा झालेला दिसतो. आंतून सोनेरी व तपकिरी रंग देऊन त्या अर्धा उजेड खाऊन टाकितात आणि त्याचे पैसे आपणांकडूनच घेतात.

पूर्वीं घरच्या घरीं शेड करण्यास एक मोठी अडचण होती. तारेच्या जुन्या बल्बांत विजेचा दहावा हिस्सादेखील प्रकाश होत नसे. बाकी सर्व उष्णता. मीं स्वतः बारावीच्या वर्षीं साठ वॅटच्या बल्बाला वर्तमानपत्राची टोपी घातली होती. तासाभरांत कागद तांबूस झाला, मग धुरावला, आणि वडिलांनीं बटन बंद केलें नसतें तर पुढचें सांगावयास मीं आज येथें नसतों. एलईडीमुळें ही अडचण पुष्कळ दूर झाली. त्यांत निळा प्रकाश देणाऱ्या डायोडवर पिवळसर द्रव्याचा लेप देऊन पांढरा प्रकाश मिळवितात. तो निळा डायोड सिद्ध करण्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांस २०१४ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. पुढच्याच वर्षीं केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली, व हे बल्ब सामान्य माणसाच्या आटोक्यांत आले. नऊ वॅटचा बल्ब रोज चार तास जाळिला तरी महिन्याकांठीं साधारण एक युनिट वीज लागते. त्याचा पुढचा भाग तापत नाहीं. परंतु मागील मानेंत विजेचें यंत्र असतें, तें तापतें. त्यास वारा मिळाला नाहीं तर बल्ब लवकर मरतो. म्हणून शेडचा माथा कधींही पूर्ण बंद करूं नये, आणि कोणाकडे अजून तारेचा जुना बल्ब असेल तर त्यावर कागद किंवा कापड मुळींच घालूं नये.

आतां शेड कशाची करावी? आपल्याकडे आठवड्याच्या बाजारांत बुरूड लोक सुपें, टोपल्या व दुरड्या विकावयास आणितात. फूटभर तोंडाची घट्ट विणीची एक दुरडी घ्यावी. (दिवा मापाखालीं झांकूं नये असें शास्त्रांत सांगितलें आहे हें मला ठाऊक आहे, पण या टोपलीला आपण माथ्याशीं भोंक पाडणार आहों.) बुडाच्या मध्यें होल्डर जाईल एवढें भोंक कापावें व त्याच्या सभोंवार दोन-चार कामट्या ढिल्या करून फटी ठेवाव्या. होल्डरच्या खालच्या अंगास फिरवून बसणारें एक कडें असतें. दुरडीचें बूड त्या कड्याखालीं घट्ट पकडतां येतें. आंतून पांढरा कागद चिकटवावा. मागील वर्षाच्या दिनदर्शिकेच्या पानांची पाठ कोरी असेल तर याहून चांगला व स्वस्त कागद नाहीं. चिकटविण्यास मैद्याची खळ करावी व तींत चिमूटभर मोरचूद घालावें, म्हणजे कसर लागत नाहीं. मोरचूद विषारी आहे, सबब तें भांडें स्वयंपाकांत परत जाऊं देऊं नये. ज्याला आकाशकंदील करितां येतो त्याला हें सर्व येतेंच: त्याच कामट्या, तीच खळ.

दुरडी नसेल व जुन्या फाटक्या शेडचा तारेचा सांगाडा असेल, तर त्यावर मांजरपाट किंवा जुन्या धोतराचें दुहेरी कापड ताणून शिवावें. रंगीत कापड हवेंच असेल तर तें बाहेरून असावें.

बल्ब शेडच्या कडेहून तीन-चार बोटें आंत राहिला पाहिजे, आणि बसल्यावर शेडची कड डोळ्यांच्या वर जातां कामा नये. दिवा डावीकडे असावा; जीं मुलें डाव्या हातानें लिहितात त्यांनीं तो उजवीकडे घ्यावा. शेडचा भार वायरीवर न टाकतां सुतळीवर टाकावा. सुतळी आढ्यावरील आंकड्यांतून नेऊन भिंतीच्या खिळ्यास बांधिली म्हणजे अभ्यासाच्या वेळीं दिवा खालीं व जेवणाच्या वेळीं वर करितां येतो. आपल्या घरीं येणारी वीज २३० व्होल्टची आहे. जोडणी वडील माणसानें किंवा वायरमननें करावी, आणि जुन्या दिव्याच्या वायरीवरील रबर किंवा सूत वाळून तडकलें असेल तर ती जोडीत न बसतां सबंध बदलावी. टेबलावरचा पितळी दिवा असेल तर चिंचेनें घासण्याच्या आधीं त्याची वायर काढून ठेवावी, व पुढें तीन पायांच्या पिनेनेंच तो लावावा. त्याच्या धातूच्या अंगास भूमीशीं जोडणारी तार हवीच.

माळ्यावरचा कंदील पुनः लावावयाचा असेल तर त्यांत २३० व्होल्ट नेऊंच नयेत. मोबाईलच्या चार्जरमधून पांच व्होल्टची वीज मिळते, व तीवर लागणारे चिमुकले पिवळसर एलईडी दिवे बाजारांत मिळतात. प्रथम टाकी रिकामी करून साबणाच्या ऊन पाण्यानें तीन-चार वेळां विसळावी आणि दोन दिवस उन्हांत उघडी ठेवावी. टाकीस भोंक पाडण्याची किंवा डाक देण्याची खटपट करूं नये. आंत राहिलेली रॉकेलची वाफ पेट घेते. त्याची गरजही नाहीं. वात जेथून वर येते त्या चपट्या नळींतून बारीक वायर खालीं टाकींत सोडावी व तेल भरण्याच्या तोंडांतून बाहेर काढावी. मग कांच बसवावी. मीं आमचा प्रभाकर असाच केला आहे. तो ओसरीवर टांगलेला असतो. येणारे जाणारे त्याच्याकडे पाहतात व आपापल्या आजोबांच्या गोष्टी सांगतात. त्याच्या उजेडांत मात्र कोणी वाचूं नये. तो पाहावयाचा दिवा झाला.

त्या विद्यार्थ्याच्या घरीं आम्हीं दोघांनीं मिळून दुरडीची शेड केली. दुरडी, होल्डर, वायर व सुतळी मिळून दोनशें रुपयांच्या आंत काम झालें; बल्ब तोच राहिला. भिंतीकडचें डेस्क फिरवून खोलीच्या मध्यें घेतलें. आतां त्याच्या ओळी सरळ जातात. वेलांट्या अद्याप पूर्वींच्याच आहेत, व त्याबद्दल त्याला बोलण्याचा अधिकार आतां मला आला आहे. त्याच्या आईनें चुलीपाशीं लावण्यास तसलीच दुसरी दुरडी मागितली. परंतु तेथें वाफ व फोडणीचा धूर असतो. महिन्याभरांत दुरडी तेलकट होऊन काळवंडेल. तेथें तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा बरा: वरचेवर पुसतां येतो, आणि आंतून पांढरा तेलरंग दिला म्हणजे उजेडही भरपूर पडतो. फक्त त्याच्या कडा आधीं दुमडून घ्यावयास हव्या, नाहीं तर बोट कापतें. येत्या शनिवारीं पत्रा कापण्याची कात्री घेऊन मीं तिकडे जाणार आहें.