कुंडीतला आलू, नागपूरच्या थंडीत

बटाटा मातीखाली वाढत असला तरी तो मूळ नव्हे, खोड आहे. लावलेल्या बेण्याचा कोंब वर येत असताना त्याच्या मातीतल्या पेरांमधून दोऱ्यासारखे पांढरे धुमारे आडवे फुटतात. रात्री गार आणि दिवस लहान झाले की धुमाऱ्याचे आकड्यासारखे वाकलेले टोक लांबायचे थांबते आणि फुगू लागते. पानांनी उन्हात तयार केलेली साखर तिथे पिष्टाच्या रूपाने साठते. हा साठा म्हणजे बाजारातला बटाटा, विदर्भातला आलू. पानांना ऊन, रात्रीला गारवा आणि धुमाऱ्यांना अंधारी, भुसभुशीत, ओलसर जागा एवढेच या पिकाचे मागणे असते. पहिल्या दोन गोष्टी नागपुरात नोव्हेंबर ते जानेवारी फुकट मिळतात. तिसरी एका सकाळच्या कामात तयार होते. जुन्या बंगल्यांच्या जागी अपार्टमेंट उभ्या राहिलेल्या रामदासपेठेत अनेक घरांना अंगण उरलेले नाही. गच्ची आणि बाल्कनी मात्र आहे, आणि या पिकाला तेवढी जागा पुरते.

हंगाम एकच

बटाट्याच्या गाठी चांगल्या धरायच्या तर रात्रीचे तापमान २० अंशांच्या खाली हवे. १५ ते १८ अंश उत्तम. रात्र गरम असेल तर दिवसभर कमावलेली साखर श्वसनातच खर्च होते आणि गाठींकडे काही उरत नाही. स्वयंपाकघरात मोड आलेला आलू एप्रिलमध्ये कुंडीत खोचला, तर पाला उगवतो आणि खाली फार तर गोट्यांएवढे दाणे निघतात, ते याचमुळे.

विदर्भातून पाऊस साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत परततो. त्यानंतर रात्री उतरू लागतात आणि डिसेंबर-जानेवारीत नागपूरचे किमान तापमान सरासरी १२-१३ अंशांवर येते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात दुपारी पुन्हा तापू लागतात. या खिडकीत नव्वद दिवसांचे पीक बसवायचे असल्याने लागवड १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबरदरम्यान व्हायला हवी. घाई केली तर ऑक्टोबरच्या उष्म्यात बेणे सडते. उशीर केला तर गाठी पोसण्याच्या ऐन वेळी उन्हाळा दारात येतो.

पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर पावसाळ्यातही बटाटा घेतात. तिथली उंची आणि ढगाळ, गार हवा त्याला साथ देते. समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर असलेल्या नागपुरात जुलैची रात्र तेवढी गार होत नाही. म्हणून पश्चिम महाराष्ट्राचे खरिपाचे वेळापत्रक इथे उपयोगाचे नाही.

जागा निवडताना सूर्याची दिशा पाहावी लागते. डिसेंबरच्या अखेरीस नागपुरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवरच असतो आणि तोही दक्षिणेकडे. त्यामुळे दहा मीटर उंचीची इमारत त्या वेळी उत्तरेला जवळजवळ दहा मीटर लांब सावली टाकते. उत्तरेची बाल्कनी या पिकाला निकामी. दक्षिणेची बाल्कनी किंवा मोकळी गच्ची सर्वांत चांगली. दिवसाला सहा तास ऊन मिळाले तर पीक नीट पोसते.

वाण आणि बेणे

भारतात लावले जाणारे बहुतेक सुधारित वाण सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे आहेत. ही संस्था १९४९ मध्ये पाटण्याला सुरू झाली आणि १९५६ मध्ये सिमल्याला गेली. तिच्या वाणांच्या नावाआधी सिमल्याजवळच्या कुफरीचे नाव लागते. कुंडीसाठी लवकर तयार होणारा वाण घ्यावा. ‘कुफरी चंद्रमुखी’ (१९६८), पठारी भागासाठी दिलेला ‘कुफरी लवकर’ (१९७२) आणि पिवळसर गराचा ‘कुफरी पुखराज’ (१९९८) हे तिन्ही ८० ते ९० दिवसांत हाती येतात. २००६ चा ‘कुफरी सूर्या’ उष्णता सहन करणारा आहे. रात्री थोड्या गरम राहिल्या तरी तो गाठी धरतो, म्हणून विदर्भाला तो विशेष सोयीचा. लाल सालीचा ‘कुफरी सिंदुरी’ चवीला चांगला असला तरी तयार व्हायला चार महिन्यांच्या जवळपास घेतो. नागपूरच्या हिवाळ्यात तो बसत नाही.

प्रमाणित बेणे बहुधा पोत्याने विकले जाते आणि गच्चीवरच्या चार कुंड्यांना पोते लागत नाही. त्यामुळे घरगुती लागवड बहुतेक वेळा बाजारच्या आलूवरच होते. ऑक्टोबरमध्ये बाजारात असतो तो मुख्यतः शीतगृहातला माल. तो घरी आणून टोपलीत, उजेडाच्या पण उन्हाबाहेरच्या जागी दोन-तीन आठवडे मांडून ठेवावा. मोड येऊ नयेत म्हणून काही शीतगृहांत बटाट्यांवर रसायनाची धुरी दिलेली असते. तीन आठवड्यांनीही डोळे उघडले नाहीत तर ते बटाटे बेण्यासाठी सोडून द्यावेत.

बेणे कोंबडीच्या अंड्याएवढे, ४० ते ५० ग्रॅम वजनाचे असावे. नीट पाहिले तर बटाट्याच्या एका टोकाला लहानशी खाच दिसते. मूळ झाडाचा धुमारा तिथे जोडलेला असतो. डोळ्यांची दाटी विरुद्ध टोकाला असते. लावताना हे दाटीचे टोक वर ठेवायचे. कोंब एक-दीड सेंटीमीटरचे, जाड आणि हिरवट-जांभळे हवेत. अंधारात वाढलेले लांब पांढरे कोंब हात लावताच मोडतात. मोठा बटाटा कापून लावण्याची पद्धत थंड प्रदेशात चालते. नागपूरच्या ऑक्टोबरात कापलेली फोड कुजण्याचा धोका असतो, म्हणून अख्खे बेणेच लावावे.

कुंडी, माती आणि वजन

एका बेण्याला दहा ते पंधरा लिटर जागा आणि किमान ३० सेंटीमीटर खोली लागते. पंचवीस लिटरच्या ग्रो-बॅगेत दोन बेणी मावतात. महागड्या कुंडीची गरज नाही. तांदळाची किंवा सिमेंटची स्वच्छ धुतलेली चुंगडी, रंगाची बादली, पंप बिघडल्यामुळे अडगळीत पडलेल्या कूलरचा प्लॅस्टिकचा टब, यांतले काहीही चालते. तळाला बोटाएवढी पाच-सहा भोके मात्र हवीतच. पाणी साचले की बेणे आठवड्याभरात सडते.

नागपूरची काळी माती सुपीक असली तरी नुसती कुंडीत भरू नये. ओली झाली की ती चिकटून बसते, वाळली की तडकते, आणि तिच्या दाबात बटाटे वेडेवाकडे होतात. एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग हलका माल, असे मिश्रण करावे. हलका माल म्हणजे कोकोपीट, धानाचे तूस किंवा रसवंतीवरचे कुजवलेले उसाचे चिपाड. त्यात दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. कच्चे शेणखत टाळावे, कारण त्याबरोबर हुमणी येते. लाकडाची राखही नको. काळी माती आधीच अल्कधर्मी असते. राखेने ती आणखी तशी होते आणि सालीवर खरबरीत खपल्या धरण्याचा रोग वाढतो.

गच्चीवर कमी मातीत पिके घेण्याचा मार्ग महाराष्ट्राला नवा नाही. श्रीपाद अच्युत दाभोळकर यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने कुजलेल्या पालापाचोळ्यावर भर देणारी लागवड लोकांपर्यंत नेली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर २००२ च्या सुमारास स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यातून बाग उभी राहिली.

हलक्या मिश्रणाचा दुसरा फायदा वजनाचा. पाणी दिलेली पंचवीस लिटरची पिशवी २५ ते ३० किलो भरते. वापरात असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानक आय.एस. ८७५ मध्ये चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दीडशे किलो, भार धरलेला आहे. एका चौरस मीटरवर चारपेक्षा जास्त पिशव्या दाटू नयेत आणि त्या कठड्यालगत, तुळईच्या रेषेत ठेवाव्यात. खाली विटा दिल्या तर गच्चीचे वॉटरप्रूफिंगही वाचते.

एकदाच भरायची कुंडी

शेतात बटाट्याला एक-दोनदा मातीची भर देतात, कारण वाढणारी गाठ उजेडात आली तर हिरवी पडते. कुंडीत हे काम वगळता येते. तळाला १२ ते १५ सेंटीमीटर मिश्रण घालावे, त्यावर बेणे ठेवावे आणि वर आणखी १० सेंटीमीटर मिश्रण टाकून पाणी द्यावे. कोंब वर दिसू लागले की उरलेली जागा धानाच्या तणशीने किंवा वाळलेल्या पाल्याने काठापर्यंत भरावी. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातली तणीस नागपूरला दूर नाही. हे आच्छादन ओल धरते, ऊन अडवते आणि भर देण्याचे काम कायमचे वाचवते. सुंदरबनात भातकापणीनंतर जमीन न नांगरता ओल्या मातीवर बटाटे मांडून वर तणशीचा जाड थर देतात. गच्चीवरची पद्धत त्याच तत्त्वावर चालते.

माती चढवत चढवत मनोरा उंच केला की प्रत्येक थराला बटाटे लागतात, असा एक समज आहे. लवकर येणाऱ्या वाणांच्या बाबतीत तो फोल ठरतो. त्यांचे धुमारे बेण्याच्या वरच्या थोड्याच पेरांतून आणि थोड्याच दिवसांत फुटतात. त्यानंतर वर घातलेल्या मातीत नुसते खोड राहते. उंच कुंडीपेक्षा रुंद कुंडी अधिक देते.

पाणी, खत, रोग

पाणी बोटाने ठरवावे. दोन पेरे बोट खुपसून माती कोरडी लागली तरच द्यावे. आच्छादन असल्यास डिसेंबरात आठवड्यातून दोनदा दिलेले पाणी बहुधा पुरते. आठ दिवस कोरडे आणि नवव्या दिवशी पूर, असे झाले की बटाटे चिरतात. लागवडीनंतर महिन्याने गांडूळखताची एक ओंजळ पुरेशी आहे. युरिया देण्याचा मोह टाळावा. जास्त नत्राने पाला माजतो आणि गाठी लहान राहतात.

ढगाळ, दमट दिवस लांबले तर पानांवर करप्याचे काळे डाग येतात. १८४५ पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ आणणारा रोग उशिरा येणारा करपाच. डाग पडलेली पाने तोडून गच्चीबाहेर टाकावीत आणि पाणी पानांवर न देता बुंध्याशी द्यावे. मावा दिसला तर निंबोळी अर्क फवारावा, कारण मावा विषाणूरोग पसरवतो. बटाट्यावरचा पाकोळी-पतंग १९०६ मध्ये इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर मुंबई इलाख्यात शिरला. तो उघड्या पडलेल्या बटाट्यावर अंडी घालतो, म्हणून तणशीचा थर विरळ होऊ देऊ नये.

काढणी आणि हिशेब

साधारण ऐंशीव्या दिवसापासून पाने पिवळी पडून झाड कलंडू लागते. तेव्हा पाणी थांबवावे आणि दहा-बारा दिवसांनी पिशवी ताडपत्रीवर उपडी करावी. शेतातल्यासारखी खोदाई नसल्याने कुदळीचा घाव बसण्याचा प्रश्न येत नाही. बटाटे न धुता सावलीत आठवडाभर पसरले की साल पक्की होते. हिरवे पडलेले बटाटे खाऊ नयेत; त्यांतले सोलॅनिन शिजवूनही जात नाही. पाला आणि हिरवी फळेही विषारी असतात. साठवण अंधारात, हवेशीर टोपलीत करावी. फ्रिजमध्ये ठेवले तर पिष्टाची साखर होऊन आलू गोड लागतात.

नीट ऊन मिळालेल्या पंचवीस लिटरच्या पिशवीतून एक ते दीड किलो बटाटा निघतो. चार पिशव्यांचे मिळून चार ते सहा किलो. कळमन्याच्या बाजारातल्या भावाशी तुलना केली तर यात पैशाची बचत फारशी नाही. मात्र भरण्याची एक सकाळ, आठवड्यातली काही मिनिटे आणि काढणीचा एक तास एवढ्यात पातळ सालीचा ताजा आलू घरचा मिळतो. निघालेले बटाटे पुढच्या वर्षी बेणे म्हणून वापरू नयेत, कारण विषाणू त्यांत साचत जातात. त्याच मातीत लगेच टोमॅटो, वांगे किंवा मिरचीही लावू नये. ती सारी एकाच कुळातली असून त्यांचे रोग सारखे आहेत. उन्हाळ्यात त्या मातीत गवार किंवा चवळी घ्यावी.

या पिकात मेहनत थोडी आणि तारीख महत्त्वाची. ज्यांना येत्या हिवाळ्यात प्रयोग करायचा आहे त्यांनी दसऱ्याच्या सुमारास बेणे मोडासाठी मांडावे आणि दिवाळीच्या आगेमागे लावून मोकळे व्हावे. देवदिवाळीनंतर लावलेला आलू नागपूरच्या उन्हाळ्याआधी पुरता पोसत नाही.