जुन्या खेळगाडीचे रोहित्र कसे ओळखावे?

जुन्या पेटाऱ्यातून किंवा ऑनलाइन लिलावातून हाती आलेले, दोन्ही बाजूंना मुठी असलेले काळे, वजनदार खोके पाहिले की संग्राहकांना अमेरिकेच्या लायोनेल कंपनीचे ‘झेडडब्ल्यू’ आठवते. रुळांवर धावणाऱ्या या खेळगाड्यांसाठी घरातील विजेचा दाब सुमारे वीस व्होल्टपर्यंत उतरवण्याचे काम हे रोहित्र, म्हणजेच ट्रान्सफॉर्मर, करते. मात्र या घराण्यातील रोहित्रे दिसण्यात एकमेकांची भावंडे असल्याने खरी ओळख नावपट्टीवरूनच पटवावी लागते.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या ‘झेड’ची क्षमता २५० वॅट होती, परंतु गाडीची शिट्टी वाजवण्याची सोय त्यात नव्हती. १९४८ साली आलेल्या ‘झेडडब्ल्यू’ने ती दिली. आरंभीच्या ‘झेडडब्ल्यू’वर २५० वॅट, तर पुढील आवृत्त्यांवर २७५ वॅट असा आकडा आढळतो. १९५० साली बाजारात आलेले ‘केडब्ल्यू’ १९० वॅटचे असून ते दोन गाड्यांसाठी आहे. हे आकडे रोहित्र किती वीज घेते ते सांगतात. रुळांपर्यंत पोहोचणारी शक्ती त्याहून कमी असते.

खरी फसगत अलीकडच्या ‘झेडडब्ल्यू’बाबत होते. बाह्यरूप जुनेच, पण आत रोहित्र नाही. त्याला वीज पुरवणारे ठोकळे बाहेरून स्वतंत्रपणे जोडावे लागतात. ठोकळ्यांविना विकत घेतलेले असे खोके म्हणजे निव्वळ नियंत्रक होय.

नावपट्टीवरील आणखी दोन आकडे भारतात निर्णायक ठरतात. अमेरिकी रोहित्रे साधारण ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी घडवलेली आहेत. आपल्याकडील वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. थेट जोडल्यास दाब दुप्पट होऊन वेटोळे जळते. दाब उतरवणारे दुसरे रोहित्र मध्ये बसवले, तरी हर्ट्झचा आकडा बदलत नाही; कमी वारंवारितेमुळे लोखंडी गाभा अधिक तापतो. म्हणून अशी जोडणी जाणकाराच्या सल्ल्यानेच करावी आणि ते कधीही चालू ठेवून खोली सोडू नये.

शेवटी वायर पाहावी. जुने रबर कडक होऊन तडकते आणि वाकवताच आतील तांबे उघडे पडते. अशी वायर चिकटपट्टी गुंडाळून वापरू नये; ती बदलूनच घ्यावी. नावपट्टी पुसट झाली असेल, तर अंदाजाने प्लग लावण्यापेक्षा ते रोहित्र कपाटाची शोभा वाढवण्यापुरतेच ठेवणे शहाणपणाचे.