दिवसातून दोन मुठी

संपादकांनी मला पाठवलं होतं मॉडरेटरांसाठी. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांच्या शिखरसभेचे, म्हणजे सिनॉडचे प्रमुख, ऐझॉलच्या एका वस्तीतल्या मंडळीबरोबर रविवार घालवणार होते. ‘दिवसभर त्यांची पाठ सोडू नका,’ एवढीच सूचना. मी सोडली, तीही सकाळी नऊ वाजताच, एका पत्र्याच्या डब्यापायी.

आधी इतिहास उरकतो. 11 जानेवारी 1894 रोजी लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन मिशनरी या डोंगरांत आले आणि त्यांनी मिझो बोलीला रोमन लिपी दिली. 1897 मध्ये वेल्सच्या मिशनचे डी. ई. जोन्स आले, 1899 मध्ये पहिले दोन बाप्तिस्मे झाले. 2011 च्या जनगणनेत राज्यातली 87 टक्के माणसं ख्रिस्ती होती आणि त्यांतलं सर्वांत मोठं चर्च हेच.

या चर्चमध्ये बिशप नसतो. ‘प्रेस्बिटेरियन’च्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वडीलधारा’. मंडळीने निवडलेले वडील पाळकांच्या जोडीने कारभार पाहतात. आपल्याकडच्या मराठी मंडळ्यांत त्यांना ‘वडील’च म्हणतात, मिझोत ‘उपा’. मॉडरेटर म्हणजे सभेचा अध्यक्ष, मुदत संपली की पुन्हा चार पाळकांतला एक. म्हणूनच की काय, पाहुण्यांचं सकाळचं जेवण एका उपांच्या साध्या घरी होतं आणि मीही त्याच पंगतीला.

स्वयंपाकघरात उपांच्या आई तांदूळ मोजत होत्या. वयस्क बाईला इथे आदराने ‘पी’ म्हणतात. पींनी पातेल्यात मापं टाकली, मग हात घालून एक मूठ बाहेर काढली आणि चुलीशेजारच्या डब्यात सोडली. पाहुणे होते म्हणून भात जास्त, तरी मूठ चुकली नाही. नातीने हिंदीत समजावलं: हा ‘बुहफाई थाम’, मूठभर तांदूळ. घरात भात रांधायचा त्या प्रत्येक वेळी एक मूठ चर्चची. मी विचारलं, सरळ पोत्यातूनच का नाही काढत? पी हसल्या. पोत्यातली मूठ कुणाला जाणवणार? पातेल्यातून काढली, तर तेवढा घास कमी होतो.

शंभराहून अधिक वर्षं ही रीत चालू आहे. मंडळीतल्या बायकांची संघटना, कोहरान ह्मेइछिया, घरोघरचा तांदूळ गोळा करते, तो विकला जातो आणि पैसा चर्चच्या कामाला, मिशनला लागतो. मुठीमुठीने आता वर्षाला कोट्यवधी रुपये उभे राहतात. मला कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड आठवला. जात्यावर बसलेल्या बाईने बाजूला काढलेल्या मूठभर धान्यावर आपल्याकडेही वसतिगृहं जगली आहेत.

दुपारची उपासना भरगच्च. रविवारी ऐझॉलची दुकानं बंद, रस्ते ओस. सगळं गाव जणू चर्चमध्ये. पुढे खुआंग, म्हणजे ढोल. तांदळाच्या दारूच्या मेजवान्यांशी त्याचं नातं म्हणून एके काळी त्याला चर्चमध्ये जागा नव्हती; 1919 च्या धर्मजागृतीच्या लाटेनंतर तो आत आला आणि आता त्याच्याशिवाय गाणं उभं राहत नाही. मॉडरेटर बोलले, मुठीचं कौतुकही केलं. माझी नजर उपांच्या बाकांवर फिरत होती. सगळे पुरुष. बायकांना पाळक किंवा उपा करणं या चर्चने अनेक दशकं टाळलं. मूठ बायकांची, गोळा करणं बायकांचं. खर्चाचा ठराव मात्र पुढच्या बाकांवर.

बाहेर पडताना नातीला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, “आज्जीला ते विचारू नका, मला विचारा.” मग तिनेच दुसरी काळजी सांगितली. आता घरं लहान, भात कमी, दुपारी कुणी घरी नसतं. तिच्या मैत्रिणी महिन्याचं पाकीट देतात: हिशेब सोपा, तांदूळ वाहायची कटकट नाही. शिवाय हा तांदूळ तरी कुठे इथला? मिझोरामचं स्वतःचं पीक राज्याला पुरत नाही. बरीचशी पोती ट्रकने डोंगर चढून येतात. मूठ मिझो, दाणा परका.

पाकिटात वाईट काही नाही, हे मलाही पटतं. रक्कम कदाचित वाढेलही. पण पाकीट महिन्यातून एकदा आठवतं, मूठ दिवसातून दोनदा.

संध्याकाळच्या उपासनेआधी भात सुनेने लावला. कुकरमध्ये दोन कप तांदूळ, पाणी, बटण. एका मिनिटात काम झालं. पी आल्या, झाकण उचलून पाहिलं. तांदूळ पाण्यात बुडालेला. सुनेने जीभ चावली. पींनी झाकण ठेवलं, कोपऱ्यातल्या पोत्याचं तोंड उघडलं आणि त्यातली एक मूठ डब्यात टाकली. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी पाहिलंच नाही असं दाखवलं.