सर्व्हरच्या पोटात – भाग ७ : रेड कार्डावरची बॅटरी

पॅरिटीचा हिशेब मागच्या भागात पाहिला. एका डिस्कवर १०११, दुसरीवर ०११०. अंक वेगळे तिथे १, सारखे तिथे ०, म्हणून तिसरीवर ११०१ ही पॅरिटी. दुसरी डिस्क गेली तरी उरलेल्या दोघींतून ०११० परत काढता येते. बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ च्या निबंधात रेडची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या पद्धतीची, मांडणी केली, तेव्हाच यातली महाग बाबही दाखवून दिली होती. पॅरिटी वापरणाऱ्या रेड ५ मध्ये छोटीशी नोंद बदलायची तरी जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा. एका नोंदीसाठी चार खेपा! मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यालाच सुमारे ८ मिलिसेकंद लागतात.

रेड कंट्रोलर कार्डाचे खरे मोल इथे कळते. कार्डावर स्वतःचा प्रोसेसर असतो आणि स्वतःची मेमरी, बहुधा एक-दोन जीबी किंवा त्याहून अधिक. डेटा या मेमरीत पोचला की कार्ड सर्व्हरला ‘लिहिले’ असे कळवून मोकळे होते आणि डिस्कवरचे काम मागाहून सवडीने उरकते. यालाच राइट-बॅक म्हणतात. वेग कमालीचा वाढतो. पण नेमक्या त्याच वेळी वीज गेली तर?

मेमरीतले सगळे पुसले जाते. त्याहून वाईट म्हणजे डेटा लिहून झाला आणि पॅरिटी राहिली, अशी अर्धवट अवस्था. तेव्हा कुणालाच काही कळत नाही. पुढे कधीतरी एखादी डिस्क बंद पडते, शिळ्या पॅरिटीवरून तिचा डेटा उभा केला जातो आणि ज्या फाइलला त्या दिवशी कुणी हातही लावला नव्हता, ती बिघडलेली निघते. म्हणून कार्डाला बॅटरी हवीच. ती मेमरी जागी ठेवते आणि वीज आली की कार्ड राहिलेले लिखाण पुरे करते. यूपीएस आहे, मग ही कशाला, असे विचारले जाते. पण सर्व्हरचा स्वतःचा पॉवर सप्लाय जळाला तर यूपीएस काय करणार?

बॅटरी म्हातारी होते. तिची ताकद तपासायला काही कार्डे तिला ठराविक काळाने पूर्ण उतरवून पुन्हा चार्ज करतात. तेवढा वेळ कार्ड राइट-थ्रूवर जाते, म्हणजे डिस्कवर लिहून झाल्याशिवाय होकार देत नाही, आणि भर दुपारी सर्व्हर एकाएकी मंदावतो. लोक नेटवर्क तपासत बसतात. बऱ्याच नव्या कार्डांत बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असतो. मेमरीतला डेटा फ्लॅशवर उतरवण्यापुरतीच वीज तो पुरवतो. फ्लॅशला डेटा टिकवायला वीज लागत नाही, त्यामुळे सर्व्हर आठवडाभर बंद राहिला तरी चिंता नाही.

बॅटरी खराब असतानाही राइट-बॅक चालूच ठेवण्याची सोय बऱ्याच कार्डांत असते. वेगाच्या मोहाने ती कधीही निवडू नये. हिशेबाचा किंवा रुग्णांच्या नोंदींचा सर्व्हर असेल तर मुळीच नाही.

पुढच्या भागात : कार्डच जळाले तर डिस्कवरचा डेटा दुसऱ्या कार्डाला कसा वाचता येतो.