दहा हजार फॉलोअर म्हणजे दहा हजार वाचक नव्हेत

स्वखर्चाने पहिलं पुस्तक छापणारे लेखक भेटले की हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं : "आधी इन्स्टाग्रामवर दहा हजार फॉलोअर करतो, मग पुस्तक काढतो." काहींचं पुस्तक आधीच निघालेलं असतं, पाचशे प्रतींचे गठ्ठे पलंगाखाली पडून असतात आणि उपाय म्हणून तेच ऐकवलं जातं : फॉलोअर वाढवायला हवेत. कवी हे सांगतात, निवृत्त शिक्षक सांगतात, गडकिल्ल्यांवर मन लावून लिहिणारी तरुण मुलं सांगतात. त्यातल्या काहींनी ‘प्रमोशन पॅकेज’साठी पदरचे पैसेही मोजलेले असतात. पुस्तकावर चार-पाच वर्षं घालवलेल्या माणसाला कुणीतरी चुकीचा आकडा विकतो, याचा मला मनापासून राग येतो. म्हणून आधी याच गैरसमजाबद्दल सविस्तर.

गैरसमज : फॉलोअर वाढले की पुस्तक खपतं

वस्तुस्थिती : फॉलो करणं आणि पुस्तक विकत घेणं या दोन वेगळ्या कृती आहेत, आणि एकीतून दुसरी आपोआप घडत नाही. फॉलो करायला अंगठा एकदा टेकवावा लागतो. पुस्तकासाठी अडीचशे रुपये, टपालखर्च आणि आयुष्यातले सहा-सात तास द्यावे लागतात.

शंका असेल तर जगातलं एक मोठं उदाहरण घेऊ. अमेरिकी गायिका बिली आयलिश हिचं पुस्तक मे २०२१ मध्ये आलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने विक्रीची नोंद ठेवणाऱ्या बुकस्कॅनच्या आधारे आकडा दिला : इन्स्टाग्रामवर सुमारे ९ कोटी ७० लाख फॉलोअर, आणि पुस्तकाच्या सुमारे ६४ हजार प्रती. भागाकार करून पाहा. साधारण दीड हजार फॉलोअरमागे एक प्रत. हेच प्रमाण दहा हजार फॉलोअरना लावलं तर सहा-सात प्रती होतात. तेवढ्या तर प्रकाशन समारंभाला आलेले शेजारी घेतात.

कुणी म्हणेल, ती गायिका आहे, तिचे चाहते गाण्यासाठी येतात. अगदी बरोबर, आणि मुद्दा तोच आहे. लोक ज्यासाठी येतात तेच घेतात. तुमच्या स्वयंपाकाच्या रीलसाठी आलेले लोक तुमची कादंबरी घेतीलच असं नाही. तुमच्या लिखाणासाठी आलेले तीनशे लोक मात्र पुस्तकाचीच वाट पाहत असतात.

दुसरी गोष्ट : फॉलोअर म्हणजे तुमची पोस्ट पाहणारा माणूस, हेही खरं नाही. कुणाला काय दिसावं हे कंपनी ठरवते. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये जाहीरच केलं की फीडमध्ये मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना पेजेसच्या मजकुरापेक्षा प्राधान्य मिळेल. लेखकाचं पेज त्या दिवसापासून आणखी मागे गेलं. तुमच्या पेजला पाच हजार लोक जोडलेले असले, तरी पोस्ट पाच हजारांना दिसत नाही.

आता विकत घेतलेल्या फॉलोअरांबद्दल. ही बहुतेक बनावट किंवा ओसाड खाती असतात. ती पुस्तक घेत नाहीत, ते सोडाच, ती नुकसान करतात. नवी पोस्ट आधी काही जणांना दाखवून त्यांचा प्रतिसाद जोखला जातो, आणि ती पुढे किती पसरावी हे त्यावर ठरतं. त्या काही जणांत मुडदे भरलेले असतील, तर तुमच्या खऱ्या वाचकापर्यंत ती पोहोचणार कशी? शिवाय बाहेरच्या ॲपमधून मिळवलेले खोटे लाइक आणि फॉलो काढून टाकत असल्याचं इन्स्टाग्रामने नोव्हेंबर २०१८ मध्येच जाहीर केलं होतं. म्हणजे पैसे गेले, आकडाही गेला.

मग मोजायचं काय? किती जणांनी पुस्तकातली पानं वाचली. किती जणांनी "कुठे मिळेल?" असं विचारलं. किती जणांनी आपणहून नाव आणि नंबर दिला. या तीन आकड्यांवर विक्री उभी राहते.

मुंबईच्या अमीश त्रिपाठींचं उदाहरण यासाठी नीट पाहण्यासारखं आहे. ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ हे त्यांचं पुस्तक अनेक प्रकाशकांनी नाकारलं. शेवटी आपल्या एजंटच्या साथीने त्यांनी ते २०१० च्या फेब्रुवारीत स्वतःच बाजारात आणलं. त्यांनी पहिलं प्रकरण वेगळं छापलं आणि पुस्तकांच्या दुकानांत गिऱ्हाइकांना फुकट वाटायला दिलं. जोडीला यूट्यूबवर एक छोटी फिल्म टाकली. इन्स्टाग्राम तेव्हा सुरूही झालं नव्हतं, ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलं. वाचकाच्या हातात पहिलं पडलं ते लिखाण, आणि त्या लिखाणाने त्याला पुढे खेचलं. सोशल मीडिया वापरायचा तो असा : त्यावर प्रकरण पोहोचवा. नुसत्या मुखपृष्ठाचा फोटो पंधरा वेळा टाकून कुणाला वाचावंसं वाटत नाही.

मराठी लेखकासाठी याचं सर्वांत साधं साधन हातातल्या फोनमध्येच आहे. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे त्यांनाच तो निरोप जातो. लोकांना ही अडचण वाटते. मला ही चाळणी वाटते. ज्याने तुमचा नंबर जपून ठेवला आहे तो निदान अनोळखी नाही. अशा दोनशे जणांना, त्यांना विचारून, महिन्यातून एकदा पुस्तकातलं एक पान पाठवा. सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज "अवश्य वाचा" टाकण्याने मात्र माणसं तुटतात.

गैरसमज : चांगलं पुस्तक आपोआप पोहोचतं, स्वतः बोलणं कमीपणाचं

वस्तुस्थिती : हा समज ऐकला की मला जोतीराव फुले आठवतात. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून होत होता तसतसा ते तो लोकांना वाचून दाखवत होते : पुण्यात, मुंबईत, ठाण्यात, जुन्नरला, ओतूरला, हडपसरला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी तो त्यांच्या तोंडून ऐकला. ‘दीनबंधू’ या वृत्तपत्राने पहिली दोन प्रकरणं छापून पुढची थांबवली, तरी ग्रंथ थांबला नाही, १८८३ मध्ये पूर्ण झाला. जे शेतकऱ्यांसाठी लिहिलं ते शेतकऱ्यांच्या गावात नेऊन वाचायचं, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्यापर्यंत ते नेणं हा लिहिण्याचाच उरलेला भाग आहे. आत्मप्रौढी वेगळी : ती लेखकाबद्दल बोलते. तुम्ही पुस्तकातल्या विषयाबद्दल बोला.

बाकीचे, थोडक्यात

‘पहिलं प्रकरण फुकट दिलं तर विकत कोण घेईल?’ दुकानात आपण पानं चाळूनच पुस्तक घेतो आणि किंडलही सुरुवातीची काही पानं नमुना म्हणून फुकट देतंच.

‘सगळ्या प्लॅटफॉर्मवर असायला हवं.’ तुमचा वाचक जिथे आहे ते एकच पुरे. साठीतल्या वाचकासाठी लिहिलेलं आत्मकथन आधी फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर न्या.

‘रोज पोस्ट हवी.’ आठवड्याला एक सकस पोस्ट वर्षभर टिकते. रोजची पोस्ट तिसऱ्या आठवड्यात लेखकाला दमवते, आणि पुढचं पुस्तक मागे पडतं.

‘पोस्टमध्ये लिंक दिली की झालं.’ इन्स्टाग्रामच्या मजकुरातली लिंक उघडत नाही. ती बायोमध्ये ठेवा आणि पुस्तक कुठे, कितीला मिळतं ते शब्दांत लिहा.

‘घरच्यांकडून पाच तारे लिहून घ्यावेत.’ ॲमेझॉनच्या नियमांत लेखकाच्या नातेवाइकांचे आणि जवळच्या मित्रांचे अभिप्राय बसत नाहीत, पैसे देऊन घेतलेले तर नाहीतच. ते काढून टाकले जातात. अनोळखी वाचकाने लिहिलेले दोन प्रामाणिक, टीकेसह आलेले अभिप्राय अधिक विश्वास देतात.

‘भेट प्रतच दिली, पैसे कुठे दिले? मग सांगायची काय गरज?’ केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या सूचनांनुसार फुकट मिळालेली वस्तूही हितसंबंधांत मोडते. तुमच्या पुस्तकावर रील करणाऱ्याला "प्रत भेट मिळाली आहे" असं सांगायला लावा, ते तुमच्याच पथ्यावर पडतं.

‘आयएसबीएन घेतला की कॉपीराइट मिळाला.’ आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक आहे. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर आधी कशाचे ते विचारा. कॉपीराइट मात्र १९५७ च्या कायद्यानुसार लिहिल्या क्षणापासूनच तुमचा असतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. नोंदणी ऐच्छिक आहे. त्यामुळे ‘कुणी चोरेल’ या भीतीने नमुन्याची पानंही दडवून ठेवू नका.

पॅकेजचे पैसे वाचले, तर

आपल्या राज्यात गावोगावी मिळून हजारो शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. त्यातल्या जवळच्या एका ग्रंथपालांना जाऊन भेटा, एका संध्याकाळी अर्धा तास मागून घ्या. पुस्तकातली सर्वांत चांगली सहा पानं निवडा, घरी दोनदा मोठ्याने वाचून पाहा, मग तिथे वाचा. कुणीतरी फोनवर त्यातली दोन मिनिटं टिपली, तर तीच तुमची पहिली रील. टेबलावर प्रतींच्या शेजारी एक वही आणि पेन ठेवा. वहीत तीनच रकाने आखा : नाव, गाव, फोन. घरी आल्यावर त्या नावांना, त्यांनी हो म्हटलं असेल तर, सातवं पान पाठवा.