अणूची मोजदाद

पदार्थाचे तुकडे करत गेल्यास शेवटी पुढे न फुटणारा कण हाती लागतो का, हा प्रश्न विज्ञानाच्या आधी तत्त्वज्ञानाने विचारला होता. ग्रीसमध्ये ल्युसिपस आणि डेमोक्रिटस यांनी इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, तर भारतात कणादांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वैशेषिक दर्शनाने त्याचे उत्तर होकारार्थी दिले. वैशेषिकांची मांडणी तपशीलवार होती: पृथ्वी, आप, तेज आणि वायू यांचे परमाणू निरनिराळे, दोन परमाणूंचे मिळून एक द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे एक त्र्यणुक, आणि झरोक्यातून येणाऱ्या उन्हात तरंगताना दिसणारा रजःकण म्हणजे असे त्र्यणुक, अर्थात डोळ्यांना दिसू शकणारी सर्वांत लहान वस्तू. ही झेप थक्क करणारी आहे, आणि तिचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. तरीही आजच्या अणूची वंशावळ तेथून सरळ खाली येते असे म्हणणे दोन्ही परंपरांवर अन्याय करणारे ठरेल, कारण परमाणूचे वजन किंवा संख्या काढावी आणि ती प्रयोगाशी ताडून पाहावी, हा त्या विचारवंतांचा हेतूच नव्हता. अणूवरचा आधुनिक विश्वास उभा राहिला तो मोजमापावर, आणि तो उभा राहायला शंभरहून अधिक वर्षे लागली.

या मोजमापाचा प्रारंभ इंग्लंडमधील मँचेस्टर येथे शिकवण्या घेऊन राहणाऱ्या जॉन डाल्टन यांच्यापासून होतो. डाल्टन मूळचे हवामानाचे अभ्यासक, आणि हवेतील हलके व जड वायू थरांमध्ये वेगळे न होता एकमेकांत मिसळलेले का राहतात, या कोड्यातून ते अणूंच्या वजनाकडे वळले. अणूंच्या सापेक्ष वजनांचा पहिला तक्ता त्यांनी १८०३ मध्ये तयार केला आणि पूर्ण सिद्धांत १८०८ पासून ग्रंथरूपाने मांडला. त्यांच्या युक्तिवादाचे बळ एका उदाहरणावरून कळते. बारा ग्रॅम कार्बनबरोबर सोळा ग्रॅम ऑक्सिजनचा संयोग झाला, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, आणि बत्तीस ग्रॅमचा संयोग झाला, तर कार्बन डायऑक्साइड. परंतु वीस किंवा सत्तावीस ग्रॅम ऑक्सिजन सामावून घेणारा तिसरा वायू या दोहोंच्या मध्ये कोठेही सापडत नाही. ऑक्सिजन जर सलग, कसाही वाटता येणारा पदार्थ असेल, तर प्रमाणाने अशी एकदम दुप्पट उडी घेण्याचे कारण उरत नाही. तो ठरावीक वजनाच्या अणूंचा बनलेला असेल, तर कार्बनच्या एका अणूशी ऑक्सिजनचा एक अणू जोडला जाईल किंवा दोन, दीड मात्र कधीच नाही. यालाच गुणित प्रमाणाचा नियम म्हणतात.

सिद्धांत भक्कम होता, पण त्यात एक फट होती आणि ती पाण्यात सापडली. संयुगात कोणत्या मूलद्रव्याचे वजन किती, हे तराजू सांगतो. अणू किती, हे सांगत नाही. ती संख्या कळण्याचा मार्ग नसल्यामुळे डाल्टन यांनी साधेपणाचा आधार घेतला आणि पाण्यात हायड्रोजनचा एक व ऑक्सिजनचा एक अणू असतो असे धरले, त्यामुळे हायड्रोजनचे वजन एक मानल्यास ऑक्सिजनचे सात येत होते; आज हा आकडा सोळा आहे. इकडे फ्रान्समध्ये गे-ल्युसॅक यांनी १८०८ मध्ये दाखवून दिले होते की दोन घनफळे हायड्रोजन आणि एक घनफळ ऑक्सिजन यांपासून दोन घनफळे वाफ तयार होते. समान घनफळात समान कण असतात असे मानले, तर ऑक्सिजनचा प्रत्येक कण दोन ठिकाणी वाटला गेला पाहिजे, आणि अणू अविभाज्य मानणाऱ्या डाल्टन यांना ते पटणे शक्य नव्हते. १८११ मध्ये इटलीतील आमेदेओ अॅव्होगाड्रो यांनी यातून वाट काढली: ऑक्सिजन वायूचा सुटा कण म्हणजे एक अणू नसून दोन अणूंची जोडी, म्हणजे रेणू, असतो, आणि समान तापमानाला व दाबाला समान घनफळात रेणूंची संख्या समान असते. उत्तर अचूक होते, परंतु ते जवळजवळ अर्धशतक पडून राहिले, आणि त्याचे खापर केवळ दुर्लक्षावर फोडता येत नाही. स्वीडनचे बर्झेलियस यांच्यासारखे मातब्बर रसायनशास्त्रज्ञ मानत होते की अणू विरुद्ध विद्युत प्रभारांमुळे एकत्र येतात, आणि त्या मताप्रमाणे एकाच प्रकारच्या दोन अणूंनी एकमेकांना दूर ढकलायला हवे होते. त्या काळच्या ज्ञानाच्या चौकटीत हा आक्षेप वाजवीच होता.

परिणामी रसायनशास्त्रात इतका गोंधळ माजला की व्हिनेगारमधील अॅसेटिक आम्लासाठी प्रचारात असलेली एकोणीस वेगवेगळी सूत्रे केकुले यांना आपल्या पाठ्यपुस्तकात नोंदवता आली. तो निस्तरण्यासाठी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्लस्रूहे येथे शंभराहून अधिक रसायनशास्त्रज्ञ जमले. परिषदेत एकमत झाले नाही. पण अखेरीस स्टानिस्लाओ कॅनिझारो यांची एक पुस्तिका उपस्थितांना वाटण्यात आली. मूलद्रव्याची अनेक वायुरूप संयुगे घ्यावीत, त्यांच्या समान घनफळांत त्या मूलद्रव्याचे वजन किती भरते ते पाहावे, आणि त्यांतील सर्वांत लहान वजन हेच एका अणूचे मानावे, ही अॅव्होगाड्रो यांच्या कल्पनेवर आधारलेली रीत तिच्यात स्पष्ट करून सांगितली होती. दिमित्री मेंडेलीव्ह आणि लोथर मायर हे दोघेही त्या परिषदेला हजर होते, आणि १८६९ ची आवर्तसारणी या दुरुस्त अणुभारांवरच उभी राहिली. आपली कल्पना मान्य झालेली पाहण्याचे भाग्य मात्र अॅव्होगाड्रो यांना लाभले नाही. ते १८५६ मध्येच निवर्तले होते.

एवढे होऊनही अणू खरोखर अस्तित्वात आहेत, की ती हिशेबाची सोय आहे, हा वाद मिटला नव्हता. विल्हेल्म ओस्टवाल्ड आणि अर्न्स्ट माख यांच्यासारखे विद्वान अणूला सोयीपलीकडे काही मानायला तयार नव्हते, आणि त्यांना डोळे झाकून विरोध करणारे म्हणणे योग्य नाही, कारण एकाही अणूचे मोजमाप थेटपणे कोणी केलेले नव्हते. निर्णायक पुरावा एका जुन्या निरीक्षणातून आला. पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म कण अखंड वेडेवाकडे हलत राहतात, हे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ मध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहिले होते. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी दाखवले की पाण्याचे रेणू सर्व बाजूंनी आदळत असल्यामुळे ही हालचाल होते, आणि तिच्या मापावरून रेणूंची संख्या काढता येते. ते काम पॅरिसमध्ये झां पेरँ यांनी अपूर्व चिकाटीने केले. गॅम्बोज नावाच्या पिवळ्या राळेचे कण पाण्यात घालून आणि सेंट्रिफ्यूजमध्ये वारंवार फिरवून त्यांनी एकाच आकाराचे कण वेगळे काढले. किलोभर राळेतून असे जेमतेम काही दशांश ग्रॅम कण मिळत. मग पाण्याच्या थेंबात वेगवेगळ्या उंचींवर किती कण आहेत, ते त्यांनी सूक्ष्मदर्शकातून मोजले. सर्वांत खालच्या पातळीवर १०० कण असतील, तर प्रत्येकी ३० मायक्रोमीटर वर गेल्यावर ते ४७, २२.६ आणि १२ भरले. वातावरणातील हवा साधारण साडेपाच किलोमीटर उंचीला निम्मी होते, तर ही राळेची हवा मिलिमीटरच्या तीन शतांश भागातच निम्मी होत होती. या दोन उंचींच्या गुणोत्तरावरून वायूच्या रेणूचे वजन राळेच्या कणाच्या तुलनेत किती, हे उघड झाले.

पेरँ येथेच थांबले नाहीत. एका ग्रॅम-अणूत, म्हणजे अणुभाराइतक्या ग्रॅम मूलद्रव्यात, किती अणू असतात ही संख्या त्यांनी वायूंची श्यानता, आकाशाचा निळेपणा, तप्त वस्तूंचे प्रारण, किरणोत्सर्ग अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या डझनभर वाटांनी आलेल्या आकड्यांशी ताडून पाहिली, आणि सर्व उत्तरे सहा ते साडेसात गुणिले १० चा २३वा घात यांच्या दरम्यान आली. अणू नसतेच, तर इतक्या परक्या वाटा एकाच गावाला पोचल्या नसत्या. ओस्टवाल्ड यांनी १९०९ मध्ये आपला विरोध प्रामाणिकपणे मागे घेतला. अशी उदारता विज्ञानाच्या इतिहासातही वारंवार आढळत नाही.

ज्या वर्षांत अणूचे अस्तित्व सिद्ध होत होते, त्याच वर्षांत त्याची अविभाज्यता मात्र संपुष्टात येत होती. केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये विद्युत नळीतील किरण ऋण प्रभाराच्या कणांचे बनलेले असतात, आणि असा कण हायड्रोजनच्या अणूपेक्षा हजारपटींहून अधिक हलका असतो, असे दाखवले, हाच इलेक्ट्रॉन. उरलेला धन प्रभार अणूभर पसरलेला असावा, हा थॉमसन यांचा अंदाज मँचेस्टरमधील प्रयोगांनी मोडीत काढला. अर्नेस्ट रदरफर्ड यांचे सहकारी गायगर आणि विद्यार्थिदशेतील मार्सडेन यांनी १९०९ मध्ये किरणोत्सर्गातून निघणारे वेगवान आल्फा कण धातूच्या अतिशय पातळ पत्र्यावर सोडले, तेव्हा बहुतेक कण आरपार गेले, परंतु अगदी थोडे चक्क मागे फिरले. विखुरलेल्या धन प्रभाराला इतका जोराचा धक्का देणे शक्य नाही. तो एका बिंदूवजा जागेत, म्हणजे केंद्रकात, एकवटलेला हवा, असा निष्कर्ष रदरफर्ड यांनी १९११ मध्ये काढला आणि कोणत्या कोनातून किती कण वळतील याचे सूत्र दिले. ते पडताळण्यासाठी गायगर आणि मार्सडेन यांनी अंधाऱ्या खोलीत बसून, आल्फा कण पडद्यावर आदळताना उमटणाऱ्या एक लाखाहून अधिक ठिणग्या सूक्ष्मदर्शकातून पाहून मोजल्या, आणि सूत्र खरे ठरले. सोन्याच्या अणूचे ९९.९ टक्क्यांहून अधिक वस्तुमान ज्या केंद्रकात असते, त्याचा व्यास अणूच्या व्यासाच्या सुमारे वीस हजारावा भाग भरतो.

पण असा अणू टिकायला नको होता. फिरणारा इलेक्ट्रॉन तत्कालीन विद्युतशास्त्राप्रमाणे ऊर्जा गमावत क्षणार्धात केंद्रकावर कोसळला असता. १९१३ मध्ये डेन्मार्कच्या नील्स बोर यांनी धाडसाने सांगितले की इलेक्ट्रॉनला काही ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच राहता येते, आणि तो वरच्या पातळीवरून खाली येतो तेव्हाच ठरावीक रंगाचा प्रकाश बाहेर पडतो. हायड्रोजनच्या वर्णपटातील रेषा त्यातून नेमक्या मिळाल्या. तरी या सिद्धांताचे खरे सामर्थ्य हेलियमने दाखवले. पिकरिंग यांना एका ताऱ्याच्या प्रकाशात आणि पुढे फाउलर यांना लंडनच्या प्रयोगशाळेत दिसलेल्या काही रेषा हायड्रोजनच्याच मानल्या जात होत्या. बोर म्हणाले की त्या एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या आहेत. तसे असेल, तर संबंधित स्थिरांक हायड्रोजनच्या चौपट हवा, आणि तो नेमका चौपट नाही, यावर फाउलर यांनी बोट ठेवले. केंद्रक स्थिर नसून तेही किंचित हलते, हे बोर यांनी हिशेबात धरले, तेव्हा गुणोत्तर ४.००१६३ आले, फाउलर यांच्या मोजमापातून निघणारे ४.००१६ होते. चौथ्या दशांश स्थळापर्यंतच्या या मेळापुढे आक्षेप टिकला नाही.

बोर यांच्या ठरावीक कक्षा फार काळ राहिल्या नाहीत. १९२५-२६ मध्ये हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर यांनी घडवलेल्या क्वांटम यामिकीत इलेक्ट्रॉनला मार्ग उरला नाही, तो कोठे सापडण्याची किती शक्यता आहे एवढेच उरले. आणि १९३२ मध्ये चॅडविक यांनी प्रभाररहित न्यूट्रॉन शोधल्यावर एकाच मूलद्रव्याचे अणू वेगवेगळ्या वजनांचे का असतात, याचाही उलगडा झाला.

पेरँ यांनी सुरू केलेली मोजदाद मात्र त्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली. एकविसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी जवळजवळ शुद्ध सिलिकॉन-२८ या समस्थानिकाचा, म्हणजे एकाच वजनाच्या सिलिकॉन अणूंचा, सुमारे ९४ मिलिमीटर व्यासाचा आणि एक किलो वजनाचा गोळा घडवला, स्फटिकातील अणूंमधले अंतर क्ष-किरणांनी मोजले आणि गोळ्याच्या घनफळाला आठ अणूंच्या एका घराच्या घनफळाने भागून आणि आठाने गुणून त्यातील अणूंची संख्या काढली. तिच्यातील अनिश्चितता दहा कोटींत एक-दोन इतकीच होती. या आणि अशाच इतर मोजमापांच्या आधारे २० मे २०१९ पासून मोल हे पदार्थाच्या राशीचे एकक वजनावर अवलंबून राहिले नाही, तर नेमक्या ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३वा घात इतक्या कणांचा समूह, असे ठरवण्यात आले.